संक्रांतीची ऊब आधी कोणाला?

आपले बहुतेक सण तिथीने येतात आणि म्हणून इंग्रजी तारखांच्या हिशेबाने ते मागेपुढे सरकतात. मकरसंक्रांत मात्र सूर्याच्या गतीवर बेतलेली असल्याने दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. सूर्याचे उत्तरेकडे वळणे प्रत्यक्ष आकाशात २१-२२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू झालेले असते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच वेळी घडत असत. पुढे अयनचलनामुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस या गतीने संक्रांत पुढे सरकत गेली. परंतु दिवस मोठा होऊ लागला म्हणून थंडी लगेच हटत नाही. तापलेली भूमी जशी सावकाश निवते, तशी निवलेली भूमी सावकाशच तापते. म्हणून डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस कडक थंडीचे जातात आणि संक्रांतीचा सण या थंडीच्या भरात आपल्या दारी येतो.

ही थंडी काय असते हे परभणीकरांना निराळे सांगावयास नको. समुद्रापासून दूर असलेला हा प्रदेश, कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेकडून येणारे वारे यांमुळे दिवसा तापलेली काळी जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. काही वर्षी येथील कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान पाच अंश सेल्सियसच्या खाली उतरलेले आहे आणि अशा दिवशी सर्व महाराष्ट्राच्या हवामानवृत्तात परभणीचे नाव अग्रभागी झळकते. गंमत अशी की, पहाटे दातखीळ बसविणारी ही हवा दुपारी अंगातील स्वेटर काढावयास लावते. एकाच दिवसातील हा वीस अंशांच्या आसपासचा चढउतार निरोगी माणसाच्या शरीराला सोसतो. तान्ह्या मुलाला, वृद्धाला आणि आजाऱ्याला तो जड जातो.

आपल्या पूर्वजांनी या ऋतूची व्यवस्था औषधांच्या पुड्यांत न बांधता सणांच्या मालिकेत गुंफली. त्या व्यवस्थेतील आरोग्यविचार कोणता, आणि त्या व्यवस्थेची ऊब घरातील प्रत्येकाला खरोखर मिळते की नाही, याचा विचार संक्रांतीच्या या निमित्ताने करावा असे आम्हांस वाटते.

पंचांगातील वैद्य

कार्तिकात आवळीभोजन होते. तुळशीच्या लग्नात ऊस, बोर, चिंच आणि आवळा यांना मान असतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे भरताच्या रूपाने पुन्हा ताटात येते आणि त्याच्या जोडीला बाजरीचा रोडगा असतो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातील अमावस्येला वेळ अमावस्या साजरी होते आणि शेतात शेंगाभाज्यांची भज्जी व आंबील यांची पंगत बसते. सूर्य धनु राशीत असतो तो सुमारे १६ डिसेंबरपासूनचा महिना म्हणजे धुंधुरमास. या महिन्यात पहाटे स्नान करून, सूर्योदयाच्या वेळी देवाला नैवेद्य दाखवून, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि तीळ यांचे भोजन करावयाचे असते. त्याचा शेवटचा दिवस भोगीचा. भोगीला ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, पावटा, गाजर, वांगी, बोरे यांची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी होते. नंतर संक्रांतीचा तिळगूळ, आणि अखेरीस माघ शुद्ध सप्तमीला रथसप्तमीचे सूर्यपूजन.

हा क्रम डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे त्यातील योजना सहज ध्यानात येते. आयुर्वेदाच्या मते मार्गशीर्ष-पौष हा हेमंत ऋतू आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येच्या अध्यायात असा विचार मांडलेला आहे की, बाहेरच्या थंडीमुळे शरीरातील अग्नी आत कोंडला जाऊन प्रबळ होतो आणि त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो देहातील धातूच जाळू लागतो. म्हणून या ऋतूत स्निग्ध आणि पोटभर आहार घ्यावा, तेलाचा अभ्यंग करावा, उन्हात बसावे, उबदार वस्त्रे वापरावीत. फार हलके, फार थोडे अन्न आणि वाऱ्याचा झोत टाळावा, असे सांगितलेले आहे. थंडीत अल्प आहार टाळावा ही चरकाची सूचना आपण पुढे पुन्हा आठवणार आहोत.

आधुनिक आहारशास्त्राच्या तराजूतही हे पदार्थ कमी भरत नाहीत. तिळाच्या वजनापैकी निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. शंभर ग्रॅम न सोललेल्या तिळांत हजार मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असते. तीळ अख्खे गिळले तर ते बहुतांशी तसेच बाहेर पडतात. भाजून कुटले म्हणजे ते अंगी लागतात. मराठवाड्याच्या जेवणात नित्य असणाऱ्या जवसाच्या आणि कारळाच्या चटण्याही अशाच गुणकारी आहेत. जवसातील स्निग्ध द्रव्य हृदयाला हितकर मानले जाते. आवळा आणि बोर यांत क जीवनसत्त्व विपुल असते, आणि ते असले म्हणजे भाकरी-भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. ज्वारी तर आपल्या जिल्ह्याचे अन्नच होय. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त अधिक असते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गूळ हा साखरेपेक्षा सात्त्विक वाटला तरी मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच उतरतो. ‘सणाचा आहे, काही होत नाही’ असा आग्रह प्रेमाने केलेला असला तरी तो हिताचा नव्हे. मधुमेही माणसाच्या हातावर तिळगुळाचा लहानसा तुकडा ठेवावा. तीळ आणि शेंगदाण्याची चटणी ताटात अधिक वाढावी. गोड बोलण्याला मात्र पथ्य नाही.

तान्ह्यांची ऊब

संक्रांतीची ऊब प्रथम कोणाला, असे विचारले तर उत्तर एकच : घरातील सर्वांत लहानग्याला. तान्ह्या मुलाचे शरीर स्वतःची उष्णता राखण्यास समर्थ नसते आणि वजनाने कमी जन्मलेले मूल तर क्षणात गार पडते. त्याला उबेचे सर्वोत्तम स्थान म्हणजे आईची छाती. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांवर पांघरूण घालावे. डोक्याला टोपी आणि पायांत मोजे असावेत. नवजात बालकाला पहिले स्नान निदान चोवीस तासांनंतर घालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. कमी वजनाच्या बाळाच्या स्नानाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेलाचे मर्दन अवश्य करावे, परंतु नाकात व कानांत तेल सोडू नये. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये. त्यातून तान्ह्या मुलाला घातक विषबाधा होण्याचा संभव असतो.

बाळंतिणीच्या खोलीसंबंधी येथे दोन शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. दारेखिडक्या गच्च लावावयाच्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवावयाची आणि तीत ओवा टाकून धुरी द्यावयाची, हा प्रकार अनेक घरांत मोठ्या मायेने केला जातो. त्यामागील हेतूविषयी कोणास शंका नसावी. परंतु बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो श्वासावाटे रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच प्राण जातो. शेगडी पेटवून निजलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात कोठून ना कोठून येतात. म्हणून बाळंतिणीला शेक द्यावयाचा तो कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा, खोलीची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि कोणीही, कोणत्याही वयाच्या माणसाने, जळती शेगडी जवळ घेऊन निजू नये. गॅसवर पाणी तापविणारे यंत्र स्नानगृहात असेल तर तेथेही हाच धोका संभवतो. हवा खेळती हवी. घरातील एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, चक्कर आली, उलटी झाली, तर प्रथम सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा.

थंडीत मुलांना सर्दीखोकला होतोच. बहुतेक वेळा तो आठवड्याभरात आपोआप बरा होतो. परंतु साध्या सर्दीतून न्यूमोनिया केव्हा झाला हे ओळखण्याची एक सोपी खूण प्रत्येक मातेला ठाऊक असावी. मूल शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, मूल दूध ओढीनासे झाले असेल, अंग गार पडले असेल वा मूल सुस्त झाले असेल, तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. ‘डबा झाला’ म्हणून पोटावर डाग देणे वा बिब्बा लावणे यांनी छातीतील विकार बरा होत नाही. मुलाचे दुःख वाढते आणि उपचाराची अमोल वेळ निघून जाते. न्यूमोकोकल ही न्यूमोनियापासून रक्षण करणारी लस २०२१ मध्ये देशभरातील सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट झाली. ती सरकारी दवाखान्यांत दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा विनामूल्य दिली जाते. बाळाच्या कार्डावर ती नोंद आहे की नाही हे आजच पाहावे.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत घरोघरी लहान मुलांचे बोरन्हाण होते. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरे, हरभरे, चुरमुरे व उसाचे करवे यांचा वर्षाव, हा किती गोड सोहळा! त्यात भोवती जमलेली मुले खाली पडलेले दाणे वेचून तोंडात घालतात. शेंगदाणा, हरभरा, बोराची बी, हलव्याचा घट्ट दाणा यांतील कोणतीही वस्तू लहानग्याच्या श्वासनलिकेत अडकू शकते. म्हणून वर्षाव चुरमुऱ्यांचा आणि बत्ताशांच्या चुऱ्याचा करावा, बोरे व दाणे शकुनापुरते हाती घेऊन ताटात ठेवावेत, आणि सोहळा आटोपताच सतरंजी झटकून घ्यावी. सोहळ्याची शोभा त्याने तसूभरही उणी होत नाही.

वडीलधाऱ्यांचे स्नान

घरातील वृद्धांची गोष्ट निराळी. त्यांना थंडी वाजते आणि ते बोलत नाहीत. उलट नेमधर्म अधिक कडकपणे पाळतात. पहाटेची काकड आरती, उठल्याबरोबर थंड पाण्याचे स्नान, संक्रांतीला गंगाखेडी गोदावरीत बुडी, हे त्यांच्या आयुष्यभराचे व्रत असते. त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, रक्त दाट होते. म्हणून हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात अधिक होतात, आणि त्यांतही पहाटेची वेळ अधिक जोखमीची असते. दुर्बल हृदयाच्या माणसाने अशा वेळी एकाएकी गार पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

या ठिकाणी धर्मशास्त्र आणि वैद्यक यांत विरोध आहे असे कोणी समजू नये. आपल्या शास्त्रकारांनी स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत : मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. पाण्यात बुडून केलेले वारुण स्नान हे त्यांपैकी एक होय. मंत्राने प्रोक्षण केले ते मांत्र स्नान, अंगाला भस्म लावले ते आग्नेय, आणि भगवंताचे चिंतन केले ते मानस स्नान. ज्याचे शरीर साथ देत नाही त्याच्यासाठीच ही सोय आहे. बाल, वृद्ध आणि आजारी यांना व्रतनियमांत सवलत देणाऱ्या शास्त्राने माणसाच्या प्राणाला नेमाहून मोठे मानले, हे आपण विसरता कामा नये. म्हणून आजोबांनी संक्रांतीचे स्नान ऊन चढल्यावर, कोमट पाण्याने, दार आतून कडी न लावता करावे. पाण्यात चार तीळ टाकले की तिलस्नानही घडते. गोदेवर जाण्याची ओढ असेल तर सोबत मुलगा वा नातू असावा, हातपाय धुऊन गंगाजल मस्तकी लावावे आणि दर्शन घेऊन कोरड्या कपड्यांत परतावे. त्यात पुण्याची हानी नाही.

आणखी काही गोष्टी वृद्धांच्या बाबतीत पाळण्याजोग्या आहेत. थंडीत तहान लागत नाही, तरी दिवसातून अनेकदा कोमट पाणी द्यावे. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या सणाच्या गडबडीत चुकू देऊ नयेत. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोनतीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे दुपारी एकेक उतरविता येतो. डोके, कान आणि पाय झाकावेत. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी सूर्य वर आल्यावर जावे. ज्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे त्यांच्या पायांची संवेदना मंद झालेली असते. त्यांनी शेकोटीपाशी पाय शेकू नयेत. चटका बसला तरी त्यांना कळत नाही आणि त्यातून झालेली जखम महिनोन् महिने भरत नाही. टाचांच्या भेगांना रात्री तेल वा आमसुलाचे तेल लावून मोजे घालावेत. दमेकऱ्यांच्या खोलीत धूप-उदाचा धूर कोंडू देऊ नये. देवापुढे निरांजन लावले तरी पूजा पूर्ण होते. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, अथवा तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

जी पहाटे चूल पेटविते

आता आम्ही लेखाच्या मर्माशी येतो. धुंधुरमासाचे पहाटेचे भोजन, भोगीची भाजी, संक्रांतीची पोळी, सुगडांची पूजा, हळदीकुंकू, हे सारे सिद्ध करणारी घरातील सून, पत्नी वा माता सर्वांच्या आधी, काळोखात उठते. ओट्यावरच्या वा आडातल्या गार पाण्यात तिचे हात असतात. जेथे अजून चूल आहे तेथे तिच्या डोळ्यांत आणि छातीत धूर जातो. ती मार्गशीर्षाचे गुरुवार करते, संकष्टी करते, आणि सर्वांचे जेवण झाल्यावर जे उरेल ते खाते. थंडीत अल्प आहार टाळावा असे चरकाने सांगितले. परंतु ज्या घरात तीळ-लोण्याचा सुकाळ असतो, त्याच घरात ती तो अल्प आहार घेत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे संक्रांतीचे वाण लुटण्यास एकत्र आलेल्या दर दोन स्त्रियांपैकी एक रक्तक्षयाची असण्याचा संभव आहे. जिच्या अंगात रक्त कमी, तिला थंडी अधिक वाजते, ती लवकर थकते, आणि तिचे बाळही कमी वजनाचे जन्मते.

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. लहानपणीच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आलेल्या या दासीने दळण, कांडण, शेणपाणी करता करता परमेश्वर आपलासा केला. जनी दळू लागली तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंगाने तिच्या जात्याचा खुंटा धरला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो. ऐकताना आपले डोळे पाणावतात. परंतु त्या कथेतून आपण काय घेतले? वैकुंठीच्या राण्याला जे करताना कमीपणा वाटला नाही, ते करताना घरातील कर्त्या पुरुषाला कमीपणा का वाटावा? धुंधुरमासात पहाटे बंब पेटविणे, अंगणातून पाणी आणणे, भांडी विसळणे, मुलांना गरम कपडे घालणे, एवढे जरी घरातील पुरुषांनी आपल्याकडे घेतले, तरी जनाबाईंच्या जिल्ह्यात जन्मल्याचे सार्थक होईल. आणि भोगीच्या दिवशी, निदान त्या एका दिवशी, पहिले पान तिचे वाढावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने निराहार उपवास करू नयेत. घरातील सासूबाईंनीच हे तिला सांगितले तर तिच्या मनावरील ओझे उतरेल. जेवणात रोज तीळ, जवस, पालेभाजी आणि लिंबू वा आवळा असावा. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण त्याने अन्नातील लोह वाया जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घरात नुसत्या ठेवू नयेत, सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात.

हळदीकुंकवाच्या वाणाविषयी आमची माताभगिनींना एक विनंती आहे. प्लास्टिकच्या डब्यांनी आता घरे भरली आहेत. त्याऐवजी कुटलेल्या तीळ-जवसाची पुडी, लोखंडी पळी, लोकरीचे मोजे, वा आवळ्याचे रोप लुटले, तर ते वाण वर्षभर उपयोगी पडेल.

शिवारातील रात्र

घराच्या भिंतींबाहेरही आपली माणसे आहेत. जेथे शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीने येते, तेथे गहू-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकरी ऐन थंडीत मध्यरात्री चिखलात उभा राहून दारे धरतो. त्याच्या पायांत गमबूट, हाती विजेरी आणि सोबतीला एक माणूस असावा. कोरड्या कपड्यांचा जोड आखाड्यावर ठेवलेला असावा. ओल्या कपड्यांत वाऱ्याला उभे राहण्याने अंग फार लवकर गार पडते. थंडी घालविण्यासाठी दारू घेण्याचा मोह घातक आहे. तिने अंगाला ऊब वाटते खरी, परंतु त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातील उष्णता बाहेरच निघून जाते. गुळाचा गरम चहा वा ज्वारीची ऊन आंबील हेच त्यावर खरे पेय होय. शेकोटी उघड्यावर करावी आणि निजण्यापूर्वी विझवावी.

आणि गोदाकाठच्या उसाच्या फडांत, पाचटाच्या खोपींत राहणारी ऊसतोड कामगारांची कुटुंबे? ती उघड्यावर थंडी काढतात. त्यांची तान्ही मुले कोयत्याच्या आवाजात पहाटे जागी होतात. संक्रांतीला तिळांचे स्नान, तिळांचे उटणे, तिळांचा होम, तिळांचे तर्पण, तिळांचे भक्षण आणि तिळांचे दान असा तिळांचा सहा प्रकारे उपयोग सांगितलेला आहे. त्यांपैकी दानाचा खरा अधिकारी आपल्या गावाच्या शिवेवरच बसलेला आहे. एक घोंगडी, मुलांसाठी टोपडे-स्वेटर, तीळ-शेंगदाण्याचे लाडू, आणि गावच्या आशाताईंना त्या मुलांच्या लसीकरणाची दिलेली खबर, एवढे दान कोणत्याही मध्यम स्थितीच्या घराला झेपण्यासारखे आहे.

रथसप्तमीला आपण अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालतो आणि सूर्यनारायणाला अर्घ्य देतो. सूर्य आपली ऊब देताना राजवाडा आणि खोप असा भेद करीत नाही. त्याच्या उपासकांनी निदान आपल्या घरात तो करू नये, एवढेच आमचे मागणे. यंदा तिळगूळ वाटताना क्रम थोडा बदलून पाहावा : आधी तान्ह्याच्या अंगावर दुलई, मग आजीच्या पायांत मोजे, मग जिने पहाटे चूल पेटविली तिच्या हाती पहिला लाडू, मग खोपीतल्या मुलाला घोंगडी. त्यानंतर आपण स्वतः खाल्लेला तीळ अधिक गोड लागेल, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. सर्व वाचकांस हे उत्तरायण आरोग्याचे, समाधानाचे आणि स्नेहाचे जावो!